तुमच्या हातची भाकरी मी अडवली

अनसूयाबाई,

तुम्हाला माती देऊन आज सतरा दिवस झाले. त्या दिवशी मी तुमच्याविषयी जे बोललो ते सर्वांना फार आवडले. दफनभूमीच्या फाटकाशी दोघातिघांनी माझे हात धरून सांगितले, ‘मास्तर, अगदी मोजके आणि योग्य बोललात.’ शब्द योग्य होते, यात शंका नाही. तुमचा विनोद, तुमचे कष्ट, प्रभुभोजनासाठी बावीस वर्षे तुम्ही करून आणलेली तांदळाची भाकरी, सारे त्यात आले. शेवटचे पंधरा महिने ती भाकरी तुमच्या हातून का आली नाही, एवढेच त्यात आले नाही.

त्या वगळलेल्या वाक्यासाठी हे लिहितो आहे. मंडळीतील जे कोणी वाचतील त्यांनीही वाचावे. तुमचे गुपित उघडे करण्याचा अधिकार मला नव्हता, म्हणून आधी तुमच्या सुनेला, सुनीताला, विचारले. आणि ज्या व्यक्तीचे त्या गुपिताने नुकसान झाले तिलाही विचारले. दोघींनी होकार दिला. त्या दुसऱ्या व्यक्तीकडे मी कसा पोचलो, ते शेवटी सांगेन. तिथे पोचायला मला जितका वेळ लागायला नको होता तितका लागला.

तुम्ही आमच्यात प्रथम आलात तो रविवार मला स्पष्ट आठवतो. भातगिरणीच्या मागची आपली ती लांबट खोली. भिंतीपलीकडे आठवडाभर कोंड्याचा वास कोंडलेला असे आणि रविवारी गिरणी बंद असली तरी तो वास उपासनेला हजर असे. प्रभुभोजनाचे ताट फिरले. तुम्ही अजून मंडळीच्या सभासद नव्हता, म्हणून घेतले नाही, पण ताटातल्या पावाच्या तुकड्यांकडे फार बारकाईने पाहिलेत. उपासना संपल्यावर मला गाठलेत.

“मास्तर, ह्यो पाव कुनाच्या घरी करतात?”

“घरी नाही, बाजारातून आणतो.”

“देवाच्या जेवनाला बाजारचं? आमच्यात साधा पाव्हना आला तरी घरची भाकर टाकतात.”

आमचे त्या वेळचे पाळक शेजारीच उभे होते. ते मोठ्याने हसले. मात्र हसण्यावारी नेले नाही. तुमचा बाप्तिस्मा झाल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी तुम्हाला भाकरी करायला सांगितले. मला ते मनातून रुचले नव्हते. शास्त्रपाठ, विधी, परंपरा या गोष्टींचे माझ्यावरचे संस्कार जुने. माझे वडील मंडळ्यांमधून उपदेश करीत फिरत, आणि या भूमीच्या पंडितांशी त्यांच्या भाषेत बोलता यावे म्हणून त्यांनी मला लहानपणी पाठशाळेत घातले. तिथे मी व्याकरण शिकलो, आणि त्याबरोबर हेही शिकलो की पवित्र गोष्टीला हात लावताना हात थरथरला पाहिजे. तुमचा हात कधी थरथरला नाही. भिवपुरीकडून टेंपोत बसून तुम्ही यायचात, धुवट पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली ती भाकरी लेकरासारखी मांडीवर धरून. मी ती मोडायचो तेव्हा आतून वाफ निघे. हळूहळू ती वाफच मला धुपासारखी वाटू लागली. हे मी तुम्हाला कधी सांगितले नाही.

तुम्ही मात्र सांगायचे काही शिल्लक ठेवत नव्हता. “मास्तर, तुमची प्रार्थना वर पोचेस्तवर माजी भाकर थंड होते. देवाला ऊन ऊन जेवू द्या की जरा!” पुढच्या महिन्यात मी प्रार्थना थोडी आवरती घेतली. दारात चपला घालताना तुम्ही सुनीताला म्हणालात, मला ऐकू जाईल इतक्या आवाजात, “दोन वाक्यं कमी झाली गं आज. भाकरीचं पुन्य.”

आपल्या मंडळीचा एक प्रघात बाहेरच्या वाचकाला सांगायला हवा. येशूच्या आठवणीत आपण दर महिन्याला भाकरी मोडून वाटून घेतो, त्या प्रभुभोजनाच्या आदल्या आठवड्यात मंडळीचा वडील, म्हणजे निवडलेला ज्येष्ठ सभासद, घरोघर जातो. तिला आपण तयारीची भेट म्हणतो. वडील विचारतो, ‘मन स्वच्छ आहे का? कुणाशी अबोला आहे का? कुणाचा अपराध मनावर आहे का?’ हे तीन प्रश्न मी तीस वर्षे विचारत आलो. उत्तरे ठरलेली. ‘नाही मास्तर, प्रभूची कृपा आहे. चहा घेणार ना?’ शेलूला नव्या इमारतीत राहायला गेलेल्या एका गृहस्थांनी तर एकदा मला दारातच सांगितले, “अबोला कसला, मास्तर? दोन खोल्या आहेत. अबोला धरून बसायचं कुठं?” आम्ही दोघेही हसलो, मी चहा घेतला आणि वहीत त्यांच्या नावापुढे खूण केली. खऱ्या उत्तराची मी कधी तयारीच केली नव्हती. ज्याने तीस वर्षे दुसऱ्यांना तयारी विचारली, तोच तयार नव्हता.

तुम्हीही बाकीच्यांसारखेच उत्तर देत आला होता. मग गेल्या वर्षी, आषाढाच्या त्या दुपारी, मी तिसरा प्रश्न विचारला आणि तुम्ही चहाचे नाव काढले नाहीत.

“हाय, मास्तर. अठ्ठावीस वर्सं हाय.”

आणि तुम्ही सांगितलेत. तुमच्या नणंदेचे, हिराबाईंचे, सासर खालापूरकडचे. त्या माहेरपणाला आल्या असताना चार बायकांसमोर म्हणाल्या होत्या, ‘वैनीची भाकर आयेला चावत नाय, म्हनून आय अशी वाळली.’ तो शब्द तुम्ही गिळलात, पण तो पचला नाही. पुढे दोन महिन्यांनी सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि ‘हिरीला बलवा’ म्हणू लागल्या. तेव्हा गावात फोन नव्हता. तुमच्या यजमानांनी तुम्हाला सांगितले की सकाळी दूधवाला खोपोलीला जातो, त्याच्याकडे निरोप दे. दूधवाला आला, दूध घेऊन गेला. तुम्ही काही बोलला नाहीत.

“म्हनलं, ऱ्हाऊ दे दोन दिस. कळू दे तिला. मला वाटलं म्हातारी आजून म्हैनाभर काडेल. तिसऱ्या दिशी गेली, मास्तर. दाराकडं बघत गेली. अन् मी समद्यांना सांगितलं, निरोप धाडला व्हता, हिरी आली नाय.”

भावांनी हिराबाईंचे माहेर तोडले. त्या सांगत राहिल्या की मला निरोप मिळालाच नाही. कुणी विश्वास ठेवला नाही. तुम्ही गप्प राहिलात.

हे सांगताना तुम्ही रडत नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवतो. तुमचा चेहरा त्रासलेला होता, पण त्यात एक प्रकारची उभारी होती. तुम्ही म्हणालात, “कसं हाय मास्तर, पायात काटा मोडला की सगळा पाय दुकतोय असं वाटतं. मंग कुनीतरी दाबून दाबून बगतं, अन् एका जागी दाबलं की आपन वरडतो, हांऽऽ, इथं! तसं झालंय. देवानं जागा दावली. आता काडायचा. तुमी माज्यासंगं हिरीकडं चला. एकलीचं धाडस व्हत नाय.”

अनसूयाबाई, पाठशाळेत आणि नंतरच्या सबंध आयुष्यात मी जे ग्रंथ वाचले त्यांत पवित्र आत्म्याच्या कार्याचे इतके नेमके वर्णन मला आढळले नव्हते. तो एका जागी बोट ठेवतो. ‘इथे’ म्हणतो. आणि बोट ठेवताक्षणी पुढचे पाऊलही दाखवतो: खालापूरला जा. तुम्हाला दोन्ही मिळाले होते. मी केवळ पायांत वहाणा घालून तुमच्याबरोबर निघायचे होते.

त्याऐवजी मी काय केले?

मी वही मिटली आणि म्हणालो की गोष्ट गंभीर आहे. प्रभुभोजनाच्या मेजाचे पावित्र्य राखले पाहिजे. तुम्ही प्रथम मंडळीसमोर उभे राहून हे कबूल करावे. वडील मंडळ त्यावर विचार करील. तोवर तुम्ही भोजनात सहभागी होऊ नये आणि भाकरीही करू नये. हिराबाईंकडे जाणे त्यानंतर. मी हे अतिशय सौम्य आवाजात सांगितले. माझा आवाज नेहमीच सौम्य असतो. माझ्या कठोरपणाला लोक शांतपणा समजतात, आणि मीही तेच समजत आलो.

“मंडळीसमोर कशाला? मंडळीचं मी काय केलंय? केलंय त हिरीचं. आदी हिरीला सांगू द्या की.”

“क्रम असतो, अनसूयाबाई.”

“काटा पायात, अन् तुमी डोकं बांधताय, मास्तर.”

ते वाक्य मला उर्मट वाटले होते. आज ते माझ्या डोक्यात दिवसरात्र चालू असते.

मी शाळेत पस्तीस वर्षे संस्कृत शिकवले. उत्तरपत्रिका तपासताना माझा एक नियम होता, आणि त्याचा मला अभिमान होता: जिथे चूक तिथे लाल रेघ, संपूर्ण पानावर फुली कधीही मारायची नाही. पानावर फुली मारली की मुलाला कळत नाही की काय सुधारायचे; त्याला एवढेच कळते की आपण नापास आहोत. नवीन शिक्षकांना मी हे आवर्जून सांगत असे. त्याच हाताने तुमच्या पानावर मी फुली मारली, आणि ती मारताना मला वाटत होते की मी पावित्र्याचे रक्षण करतो आहे.

त्यानंतरही तुम्ही येत राहिलात. मला वाटले होते याल की नाही कोण जाणे. पहिल्याच रविवारी कुणीतरी विचारले तेव्हा तुम्ही म्हणालात, “येनं नाय सोडनार. घरात घेतलं नाय तरी वटीवर बसायचा हक्क हाय.” आणि बसलात दाराजवळच्या बाकावर, चपलांच्या शेजारी. ताटात पुन्हा बाजारचा पाव आला. ताट तुमच्यापर्यंत येई, तुम्ही दोन्ही हातांनी घेऊन शेजारणीकडे सरकवत असा. त्यात राग नसे. भरल्या ताटाला धक्का लागू नये म्हणून जपून.

पहिले दोनतीन महिने तुम्ही माझ्याशी वाद घालत राहिलात. पळसदरीच्या धरणाजवळच्या त्या शेतघरात सुनीता स्वयंपाकाला जायची, तिथे उपासनेनंतर आपण सगळे एकदा जेवायला गेलो होतो, तिथेही तुम्ही वाटीत आमटी ओतता ओतता म्हणालात, “मास्तर, हिरी सत्तरीला आली. माजं पन काय खरं नाय. तुमचा क्रम कवा संपनार?” मी म्हणालो, ‘तुम्ही उभ्या राहिलात की त्याच दिवशी.’ तुम्ही म्हणालात, “मी उबी ऱ्हाते. पन आदी तिच्या दारात.” तो वाद तिथेच राहिला. आपण दोघेही हटवादी. मात्र तुमचा हट्ट पाऊल टाकण्यासाठी होता आणि माझा ते अडवण्यासाठी.

मग तुमचे बोलणे बदलले. माझ्या दोषाचा मुख्य भाग इथे आहे. तो मी सावकाश लिहितो.

दिवाळीनंतर तुमची म्हैस गाभडली. तुम्ही म्हणालात, ‘माज्या पापानं.’ नातू दहावीला गणितात अडकला, ‘माज्या पापानं.’ गुडघे धरले. ‘आता भोगायचंच हाय.’ एकदा प्रार्थनेच्या वेळी तुम्ही हळूच पुटपुटलात ते मला ऐकू आले: “मी नासकीच हाय रं देवा. भाकर कशी नासकीच्या हातची व्हईल?” हिराबाईंचे नाव त्या दिवसापासून तुमच्या तोंडी येईनासे झाले. खालापूरला जाण्याची गोष्ट बंद झाली. तुम्ही मान खाली घालून बसू लागलात, वाद सोडून दिलात, माझ्या प्रार्थनेवर टोमणे मारायचेही थांबलात.

आणि मला समाधान वाटले. हे लिहिताना हात थांबतो आहे, परंतु लिहिले पाहिजे. मला वाटले, अनसूयाबाई नम्र झाल्या. पश्चात्ताप खोल उतरतो आहे. वडील मंडळाच्या बैठकीत मी तसे बोललोदेखील.

आयुष्यभर शास्त्र वाचलेल्या माणसाला दोन गोष्टींमधला भेद ओळखता आला नाही. जी टोचणी प्रभूकडून येते ती एका कृतीचे नाव घेते आणि घरचा रस्ता दाखवते. ती ऐकताना दुखते, पण माणूस उठून उभा राहतो. दोषी ठरवणारी जी दंडाज्ञा त्या टोचणीचे सोंग घेऊन येते ती कुठल्याही कृतीचे नाव घेत नाही. ती माणसाचेच नाव घेते. ‘तू हे केलेस’ असे न म्हणता ‘तू अशीच आहेस’ म्हणते, आणि रस्ता बंद करते. तुमचाच दृष्टान्त वापरायचा तर पाय इतका सुजला की काटा कुठे आहे ते तुम्हालाही सापडेना. ती सूज मी आणली. आणि सुजलेला पाय पाहून मला वाटले, पाय बरा होऊन भरून आला!

गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी सुनीताचा फोन आला. “मास्तर, आईंना ताप हाय तीन दिस. तुमास्नी एकदा येऊन जा म्हनत्यात.” मी विचारले, ‘दवाखान्यात दाखवले का?’ ती म्हणाली, ‘दाखवलंय, गोळ्या चालू हायेत.’ मी म्हणालो, ‘शनिवारी माझी त्या बाजूची तयारीची भेट आहेच, तेव्हा येतो.’ सोयीची वाट धरली. क्रम पाळला.

शुक्रवारी पहाटे तुम्ही गेलात.

तुमच्या सासूबाईंचा निरोप पोचला नव्हता. तुमचा निरोप मला पोचला होता, स्वच्छ शब्दांत, कानाशी. या दोन अपराधांत कोणता मोठा हे ठरवायला फार विद्वत्ता लागत नाही.

दफनभूमीत, लोक पांगत असताना, एक वृद्ध बाई लांब उंबराखाली उभ्या होत्या, हिरवे लुगडे, हातात पिशवी. मी जवळून जाताना त्यांनी पुढे होऊन विचारले, “तुमीच मास्तर ना? मी हिरा. तिची ननंद. शेवटाला माज्याबद्दल काय बोलली का वो ती?”

माझ्या हातात पवित्र शास्त्र होते. अंगावर स्वच्छ धोतर. दोन मिनिटांपूर्वी माझ्या भाषणाची स्तुती झालेली. मी म्हणालो, ‘आपण नंतर सवडीने बोलू.’ त्या मान हलवून चालत्या झाल्या. एसटी गाठायची होती त्यांना.

त्यानंतर पंधरा दिवस मी घराबाहेर पडलो नाही. मला वाटत होते हा शोक आहे. मी गुडघ्यांवर बसे आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा मनात येई: मी ढोंगी आहे, माझी सेवा व्यर्थ, माझे पांडित्य व्यर्थ, कोणत्या तोंडाने मी कुणाच्या दारात जाऊ. वडीलपण सोडावे, मेजापासून कायमचे दूर राहावे, असेही ठरवत आणले होते. सोळाव्या दिवशी सकाळी सुनीता आली. तुमचे जपून ठेवलेले पांढरे फडके द्यायला आली होती. जाताना उंबऱ्यात थांबली.

“मास्तर, एक सांगायचं ऱ्हायलंच. बुदवारी रातच्याला आई जरा हुशार वाटल्या. मला म्हनल्या, मास्तरांना सांग, माजी टोचनी परत एकाच जागंवर आलीय. मला काय कळलं नाय. तापात बोलल्या असतील.”

मी तिला तेच वाक्य पुन्हा सांगायला लावले.

अनसूयाबाई, सूज उतरली होती तर. माझ्या मदतीशिवाय, माझ्या परवानगीशिवाय. प्रभूने तुम्हाला नासकी म्हणून नेले नाही. तो तुमच्या त्या एका जागेपाशी पुन्हा येऊन बसला होता, आणि तुम्ही मला बोलावले होते ते खालापूरला चला म्हणण्यासाठी. आणि त्याच क्षणी मला माझ्या पंधरा दिवसांचा अर्थ कळला. मी स्वतःला ढोंगी, व्यर्थ, अयोग्य म्हणत होतो. एवढी मोठी विशेषणे लावून मी एक लहानसे, अवघड काम टाळत होतो. माझीही टोचणी एकाच जागेवर होती. तिचे नाव हिराबाई.

सुनीताला हिराबाईंची गोष्ट मी त्याच उंबऱ्यात सांगितली आणि विचारले, ‘जाऊ का?’ तिने माझ्या हातातले फडके घेऊन त्याची घडी नीट केली. मग म्हणाली, “जावा. आईंचंच काम हाय.”

काल सकाळच्या एसटीने पळसदरीवरून खोपोली आणि तिथून खालापूर गाठले. हिराबाईंचे घर नदीच्या बाजूला आहे. अंगणात भात वाळत घातले होते आणि त्या कोंबड्या हाकत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितले, बसलो की धीर जाईल म्हणून. निरोप धाडलाच नव्हता, दूधवाल्याला सांगितलेच नव्हते, तुमच्या आईने तुम्हाला तीन दिवस बोलावले होते.

त्यांनी कोंबडीला काठी उगारली, मग काठी खाली ठेवली.

“मला ठावं व्हतं, मास्तर.”

“कधीपासून?”

“लई वर्सं झाली. दूधवाला हितंच बाजारात गावला येकदा. मी त्याला धरला, का रं बाबा, माजा निरोप का नाय दिला? तो म्हनला, वैनी तवा काय बोललीच नाय, नुसतं दूध घेतलं. तवाच समजलं.” त्यांनी वाळत्या भातावरून हात फिरवला. “लई शिव्या दिल्या तिला मनात. मंग माजंबी बोलनं आटवलं, भाकरीचं. ती तिची चूक, ह्यी माजी. मी म्हनायची, येईल ती. येईल, दारात उबी ऱ्हाईल, म्हनंल हिरे चुकलं. मी म्हननार, बस, आदी भाकर खा. समदं ठरवून ठेवलं व्हतं मी.”

मग त्यांनी मान वर केली.

“तिला यायचंच नव्हतं का वो?”

“यायचे होते. गेल्या वर्षीच यायचे होते. मला बरोबर चला म्हणाल्या होत्या. मी त्यांना अडवले.”

“तुमी? का?”

मी तीस वर्षांची प्रथा, मेजाचे पावित्र्य, वडील मंडळ, यांतले काहीही सांगू शकलो नाही. त्या अंगणात त्या शब्दांना उभे राहायला जागा नव्हती. मी म्हणालो, “चुकलो. तुमच्या दोघींचे पंधरा महिने मी घेतले. क्षमा करा.”

त्या उठून आत गेल्या. मला वाटले, जावे. इतक्यात आतून तव्याचा आवाज आला. थोड्या वेळाने हाक आली, “मास्तर, भायेर काय उबे? आत या. पाय धुवा.”

पुढ्यात ताट होते: तांदळाची भाकरी, वर वाफ, बाजूला सुक्या बोंबलाची चटणी. मी म्हणालो, ‘मला नको, हिराबाई. मला हे खाण्याचा अधिकार नाही.’

“अधिकार कुनी इचारलाय? भाकर थंड व्हतीय.”

अनसूयाबाई, आवाज त्यांचा होता, पण वाक्य अगदी तुमचे होते. मी खाल्ली. संपूर्ण खाल्ली. निघताना त्यांनी आणखी दोन भाकऱ्या फडक्यात बांधून सुनीतासाठी दिल्या आणि म्हणाल्या, “लिवायचं त लिवा समदं. पन माज्या आयेचं नाव चांगलं लिवा. आन् वैनीचंबी.” मी तेवढेच करण्याचा प्रयत्न इथे केला आहे. तुमच्या सासूबाईंना मी पाहिले नव्हते. त्यांनी शेवटपर्यंत लेकीची वाट पाहिली, एवढे मला ठाऊक आहे, आणि एवढे कुठल्याही आईसाठी पुरेसे आहे.

माझे मन हलके झाले असे मी म्हणणार नाही. तुम्ही हयात असताना हे काम अर्ध्या तासाचे होते. हिराबाईंनी तुमच्यासाठी जी भाकरी मनात ठरवून ठेवली होती ती मी खाल्ली. हे शल्य माझ्याबरोबर येईल आणि त्याने यावे. मात्र ते एकाच जागी आहे. तिथे मी बोट ठेवू शकतो.

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. या महिन्याच्या तयारीच्या भेटींना मी गेलो नाही. मला कुणी विचारायला आले असते तर बरे झाले असते. भाकरी सुनीता करणार आहे, तुमच्या फडक्यात आणणार आहे, आणि हिराबाई येणार आहेत, मेजासाठी नाही, “वैनी कुठं बसायची ते बगायला.” मी भाकरी मोडणार नाही, तो मान दुसऱ्या वडिलांचा. मी उभा राहून माझा दोष सांगेन, थोडक्यात. माझ्या लांब प्रार्थनेची सवय तुम्हाला ठाऊक आहे. या वेळी विशेषणे लावणार नाही. मग दाराजवळच्या बाकावर, चपलांच्या शेजारी, हिराबाईंना तुमची जागा दाखवून त्यांच्या बाजूला बसेन.

ताट माझ्यापर्यंत येईल. काल सकाळपर्यंत माझे ठरले होते की मी ते पुढे सरकवायचे, पंधरा महिने, जितके तुम्ही सरकवले तितके. तशी शिक्षा मला न्याय्य वाटत होती. पण तुम्हाला मी ओळखतो. तुम्ही म्हणाला असता, काटा पायात, अन् पुन्हा डोकं बांधताय, मास्तर.

म्हणून मी हात पुढे करीन. भाकरी गार होण्याआधी.